शोकावरचे, संथपणे चढत जाणारे भयपट सुचवा

घरातलं माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांच्या डोक्यात जे चालतं, त्यावरचे भयपट शोधतोय. 'डोन्ट लुक नाऊ' (१९७३), 'द बाबाडूक' (२०१४), 'हेरेडिटरी' (२०१८) आणि 'द नाइट हाऊस' पाहून झालेत, ते सुचवू नका. याद्यांमधले बाकीचे बहुतेक अर्ध्यात सोडले. शोक सुरुवातीलाच उरकतात आणि मग नुसता भुतांचा धुडगूस!

मला हवंय त्याच्या सगळ्यात जवळ आला तो 'लेक मंगो' (२००८). बुडून गेलेल्या मुलीबद्दल घरचे कॅमेऱ्यासमोर शांतपणे बोलत राहतात, अगदी माहितीपटासारखे. आणि मोबाइलवरची ती धूसर चित्रफीत येते तेव्हा पोटात गोळाच येतो.

भाषा कुठलीही चालेल, सबटायटल्स असली की झालं. संथपणाचं वावडं नाही. लहान मुलांचे हाल मात्र नकोत, 'हेरेडिटरी'नंतर तेवढं पुरे झालं. आणि कृपया शेवट फोडू नका.

तर आई-वडील किंवा जोडीदार गेल्यानंतरची गोष्ट सांगणारा, आणि भूत खरंच आहे की दुःखातून होणारा भास हे शेवटपर्यंत अधांतरी ठेवणारा एखादा चित्रपट माहीत आहे का?