बीसीसीला ‘गुप्त प्रत’ म्हणावं का?

पाटीपुस्तक : आमच्या गावच्या वाचनालयात दर शनिवारी ज्येष्ठांना ईमेल शिकवते. त्यांच्यासाठी चार पानांची मराठी पुस्तिका करतेय. ‘टू’ला ‘प्रति’ लिहिलं, ‘सीसी’ला ‘प्रत’, तोवर कुणाची तक्रार नव्हती. ‘बीसीसी’ला, म्हणजे ज्या रकान्यातले पत्ते बाकीच्यांना दिसत नाहीत त्याला, ‘गुप्त प्रत’ लिहिलं आणि घोळ झाला. भजनी मंडळातल्या एका आजींना सहलीचं पत्र 32 जणींना पाठवायचं होतं. सगळे पत्ते गुप्त प्रतीच्या रकान्यात घाला असं सांगूनही त्यांनी ते ‘प्रति’मध्ये घातले. का, तर म्हणाल्या, “सहलीचं पत्र, त्यात गुप्त काय ठेवायचंय बाई?” मग एकीने ‘रिप्लाय ऑल’ दाबून खिडकीजवळची जागा मागितली, ती सगळ्यांना गेली आणि दोन दिवस उत्तरांवर उत्तरं. सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना कळले ते वेगळंच. चूक आजींची नाही, माझ्या शब्दाची आहे. दुसरा शब्द सुचवा.

रानवाट : बरोबर आहे आजींचं. ‘गुप्त’ म्हटलं की मजकूर गुप्त असं वाटतं, गुप्तदान म्हटलं की देणारा गुप्त. इथे लपतो तो घेणारा. ‘अदृश्य प्रत’ कसं वाटतं?

शाईपेन : प्रत अदृश्य कुठे आहे? ज्याला मिळते त्याला चांगली दिसते. ‘झाकली प्रत’ म्हणा, झाकली मूठ असते तशी.

स्थळप्रत : मी 34 वर्षं सरकारी कचेरीत लघुलेखक होतो. सीसी म्हणजे कार्बन कॉपी, हे सगळ्यांना माहीत आहे. बीसीसी कशी निघायची ते सांगतो. मूळ कागद, मध्ये कार्बन, खाली पातळ कागद, असा गठ्ठा रोलरवर चढवून पत्र टाइप करायचं. तळाशी ‘प्रत माहितीसाठी सादर’ आणि त्याखाली नावं. आता एखाद्याला प्रत द्यायची, पण मूळ पत्र ज्याला जाणार त्याला ते कळू द्यायचं नाही, तर मूळ कागद काढून घ्यायचा, बाकीचे परत चढवायचे आणि ते एक नाव फक्त प्रतींवर टाइप करायचं. स्थळप्रतीवर, म्हणजे कचेरीत ठेवायच्या प्रतीवर, ते नाव राहायचं, म्हणजे फाइल उघडली की कुणाला काय गेलं ते कळायचं. आजही तुमच्या ‘सेंट’मध्ये जाऊन पाहा, बीसीसीतली नावं तुम्हाला दिसतात. ती आपली स्थळप्रत!
पाटीपुस्तक ताई, अटॅचमेंटला तुम्ही काय लिहिलंय?

पाटीपुस्तक : आधी ‘जोडणी’ लिहिलं होतं. एका काकांनी इंटरनेटची जोडणी समजून थेट केबलवाल्याला फोन लावला.

स्थळप्रत : ‘सहपत्र’ लिहा. पत्राच्या शेवटी ‘सहपत्रे : वरीलप्रमाणे’ लिहिण्यात आमचा जन्म गेला. इनबॉक्सला ‘आवक’, सेंटला ‘जावक’. ज्याने आवक-जावक नोंदवही पाहिली आहे त्याला शिकवावंच लागणार नाही.

लखोटा : मी मेल सर्व्हर सांभाळतो, म्हणून आत काय होतं ते सांगतो. शब्द त्यावरून निघावा असं मला मनापासून वाटतं. ईमेलला दोन ठिकाणी पत्ते असतात. एक लखोट्यावर, दुसरा आतल्या कागदाच्या मायन्यात. आपला सर्व्हर पुढच्या सर्व्हरला आधी लखोटा वाचून दाखवतो : पाठवणारा अमुक, पोचवायचं तमुक-तमुकला. मग कागद देतो. पत्र पोचतं ते लखोट्यावरून, मायना वाचतो फक्त माणूस. बीसीसीतली नावं लखोट्यावर असतात, मायन्यातून गाळलेली असतात. म्हणून तो ‘मायन्याबाहेरचा’ माणूस. आणि आजींना एक सांगा : झाकल्या माणसाने स्वतः ‘रिप्लाय ऑल’ केलं तर त्याचं उत्तर ‘प्रति’ आणि ‘प्रत’वाल्यांना जातं आणि तो उघडा पडतो.

मायमराठी : सगळं ठीक, पण ‘ईमेल’ हा शब्द कसा चालवून घेतला? मराठी संकेतस्थळांवर ‘विरोप’ हा सुंदर शब्द कितीतरी वर्षं वापरात आहे. ‘निरोप’ त्यात ऐकू येतो. क्रमांक आणि दिनांकसुद्धा सावरकरांनी दिले तेव्हा लोकांना जडच वाटले होते.

शाईपेन : विरोप मलाही आवडतो, पण माझ्या आईला “विरोप पाठवलाय” म्हटलं तर ती कुणाचा निरोप म्हणून विचारेल. ‘मेल’ रुळलाय. वाद असेल तर लिंगाचा. मी ‘मेल आला’ म्हणतो, बायको ‘मेल आली’, मुलगी ‘मेल आलं’.

रानवाट : तिघंही बरोबर. निरोप तो, चिठ्ठी ती, पत्र ते. आणि ‘मेल आली’ला आधार जुना आहे : पंजाब मेल 1912 पासून ‘येते’ आणि ‘सुटते’च. त्या गाड्या टपाल न्यायच्या म्हणूनच मेल.

मायमराठी : गाडी स्त्रीलिंगी म्हणून मेल स्त्रीलिंगी. त्याचा पत्राशी संबंध नाही.

शाईपेन : संबंध लोक जोडतात. ‘ॲट द रेट’चंच बघा. नेटवर्कवरून पहिला ईमेल पाठवणाऱ्या रे टॉमलिन्सनने 1971 मध्ये @ निवडलं ते ‘अमुक माणूस, अमुक यंत्रावर’ अशा अर्थाने. आपण मात्र दुकानाच्या बिलात ‘12 वह्या @ 5 रु.’ वाचून मोठे झालो, म्हणून पत्त्यातही ‘दराने’ म्हणत बसलो.

स्थळप्रत : @ ला मराठीत पूर्वीपासून शब्द आहे. मु. पो.! आधी माणसाचं नाव, मग मुक्काम पोस्ट, मग त्याचं टपाल कुठे येतं ते.

लखोटा : काका, तांत्रिकदृष्ट्याही अचूक. @ च्या पुढचा भाग सर्व्हरचं टपालघर शोधायला लागतो. अलीकडचं नाव कुणाचं ते त्या टपालघराने बघायचं.

मायमराठी : ‘पोस्ट’ इंग्रजीच की.

पाटीपुस्तक : मंडळी, पुस्तिका उद्या छापायला जातेय आणि बीसीसी तिथेच आहे. मी त्या रकान्यापुढे तूर्तास ‘झाकली प्रत : इथली नावं बाकीच्यांना दिसत नाहीत’ असं लिहितेय.

रानवाट : ‘झाकलेली’ हवं. ‘झाकली’ मुठीलाच शोभतं.

स्थळप्रत : मु. पो. घातलंत का?