द्राक्ष हंगामातील स्थलांतरित मजूर कुटुंबांचे सर्वेक्षण : पूर्ण गणना करावी की नमुना घ्यावा?

प्रश्न : गोदाकाठची

नमस्कार. मी नाशिक जिल्ह्यातील एका शासकीय कार्यालयात सांख्यिकी सहायक म्हणून काम करते. पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांतून दिवाळीनंतर दिंडोरी व निफाड तालुक्यांतील द्राक्षबागांवर कामासाठी येणारी कुटुंबे किती, त्यांच्याबरोबर सहा वर्षांखालील मुले किती येतात आणि त्यांपैकी किती मुलांना मुक्कामाच्या गावी अंगणवाडीचा आहार मिळतो, याची माहिती गोळा करण्याचे काम आमच्याकडे आले आहे. आराखडा मला करावयाचा आहे. आता जुलै चालू असल्याने वेळ पुष्कळ आहे असे सर्वांना वाटते. मला तसे वाटत नाही.

अडचणी तीन आहेत. वरिष्ठांचे म्हणणे असे की, पूर्ण गणनाच करावी आणि ती शक्य नसेल तर निदान दहा टक्के नमुना घ्यावा, त्याखालील आकड्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. दुसरे असे की, प्रश्नावली बारा प्रश्नांची होती. ती चार शाखांकडे अभिप्रायासाठी फिरून आली तेव्हा चौऱ्याहत्तर प्रश्नांची झाली. तिसरे म्हणजे क्षेत्रकाम फेब्रुवारी २०२७ मध्ये, द्राक्षांचा खुडा (तोडणी) ऐन भरात असताना, शिक्षक आणि अंगणवाडी सेविकांकडून करून घ्यावे असे टिपणीत लिहिले गेले आहे.

मागच्या मार्चमध्ये मी स्वतः दिंडोरी तालुक्यातील चार मळ्यांवर जाऊन प्रश्नावली भरून पाहिली. पहिल्याच शेडमध्ये एका बाईंना ‘कुटुंबात माणसे किती?’ असे विचारले, तेव्हा त्यांनी भाकरी थापता थापता ‘इथली का घरची?’ असे मलाच विचारले आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते. एक प्रश्नावली पुरी व्हायला पंचावन्न मिनिटे लागली. ज्यांनी अशी कामे केली आहेत त्यांनी कृपया सांगावे की सुरुवात कोठून करावी.

उत्तर : निवृत्त नमुनावाला

आपण मळ्यावर जाऊन आलात, म्हणजे आराखड्याचा कठीण भाग आपल्या हातात आधीच आहे. त्या बाईंनी विचारलेला प्रश्न हाच आपल्या सर्वेक्षणाचा पहिला प्रश्न आहे, त्यामुळे तेथूनच सुरुवात करतो.

जनगणनेत आणि राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात कुटुंब ठरते ते एका चुलीवर जेवणाऱ्यांचे. शिधापत्रिकेवरचे कुटुंब वेगळे असू शकते. स्थलांतरात मात्र एक चूल दोन ठिकाणी फुटते: नवरा-बायको आणि अंगावरचे मूल मळ्यावर, म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी मुले पाड्यावर. आपला विषय मुक्कामाच्या ठिकाणचा आहार असल्यामुळे ‘काल रात्री या चुलीवर जेवलेली माणसे’ अशी व्याख्या घ्यावी आणि गावी राहिलेल्या मुलांसाठी एकच वेगळा प्रश्न ठेवावा. स्थलांतरित कोणाला म्हणायचे हेही लेखी ठरले पाहिजे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ६४व्या फेरीत (२००७-०८) मागील ३६५ दिवसांत रोजगारासाठी किंवा रोजगाराच्या शोधात एक महिना किंवा अधिक, परंतु सहा महिन्यांपेक्षा कमी काळ गावाबाहेर राहिलेल्यास अल्पकालीन स्थलांतरित मानले होते. त्याआधीच्या ५५व्या फेरीत खालची मर्यादा दोन महिन्यांची होती. मर्यादा एवढीशी हलली तरी आकडा हलतो. आपण ६४व्या फेरीची व्याख्या घेतलीत, तर निदान तुलनेला आधार राहील.

दहा टक्क्यांविषयी. हा समज मी नोकरीभर ऐकला आहे आणि तो चुकीचा आहे. एखादे प्रमाण ९५ टक्के विश्वासपातळीवर अधिक-उणे ५ टक्क्यांच्या आत काढायचे असेल, तर साध्या यादृच्छिक नमुन्यात, म्हणजे पूर्ण यादीतून चिठ्ठ्या टाकून काढल्यासारख्या निवडीत, ३८४ कुटुंबे पुरतात. एकूण कुटुंबे २० हजार असली तर हा आकडा ३७७ होतो आणि २ लाख असली तर ३८३. म्हणजे समष्टी दहा पट झाली तरी नमुना सहा कुटुंबांनी वाढतो. वरिष्ठांना सूत्र दाखवू नये, हे दोन आकडे शेजारी शेजारी दाखवावेत. मी तसे करत असे आणि बहुतेक वेळा चर्चा तेथेच थांबत असे.

तथापि आपला नमुना साधा यादृच्छिक असणार नाही, कारण कुटुंबांची यादीच अस्तित्वात नाही. आधी गावे निवडावी लागतील आणि गावात पोचल्यावर कुटुंबे. एकाच शिवारातील कुटुंबे बहुधा एकाच पाड्यावरून, एकाच मुकादमाबरोबर आलेली असतात आणि त्यांना अंगणवाडीही तीच असते. त्यामुळे दहावे कुटुंब नवे फारसे काही सांगत नाही. या साम्याचे माप (० म्हणजे साम्य नाही, १ म्हणजे सगळी सारखीच) ०.१ धरले, तर गावामागे १० कुटुंबे घेतल्यास नमुना १ + (९ × ०.१), म्हणजे १.९ पट करावा लागतो, म्हणजे सुमारे ७३० कुटुंबे. गावामागे २० घेतल्यास २.९ पट, म्हणजे १,११४. थोडक्या गावांत जास्त मुलाखती घेऊन प्रवासभत्ता वाचवावा असे लेखाशाखा सुचवील, तेव्हा हे गणित हाताशी असू द्यावे. शिवाय आहाराचा आकडा मुले असलेल्या कुटुंबांवरच निघणार आहे. निम्म्या कुटुंबांत लहान मूल नसले तर ७३० मधून उपयोगाची ३६५ च राहतील, म्हणून मुले असलेल्या कुटुंबांची यादी वेगळी करून त्यांतून निवड करावी. दिंडोरी आणि निफाडचे स्वतंत्र आकडे हवे असल्यास प्रत्येक तालुक्याला एवढाच नमुना लागेल. ते खरोखर हवे आहेत का, हे आधीच विचारून घ्यावे.

फेब्रुवारी मात्र सोडून द्यावा. जनगणनेचा संदर्भक्षण, म्हणजे ज्या क्षणाची लोकसंख्या धरायची तो, १ मार्च २०२७ चा आहे आणि प्रत्यक्ष लोकसंख्या गणना फेब्रुवारीतच आहे. त्या महिन्यात आपल्याला एकही प्रगणक मिळणार नाही. ३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहस्थाचे ध्वजारोहण आहे, त्यामुळे वाहने आणि अधिकारी यांचाही भरवसा धरू नये. १० ते ३१ जानेवारी एवढीच खिडकी आपल्याला मोकळी दिसते. शिक्षकांचे म्हणाल तर शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ नुसार त्यांना दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. टिपणीतील ते वाक्य कोणीतरी खोडण्यापूर्वी आपणच खोडलेले बरे.

उत्तर : मळेकरी, निफाड तालुका

मी सांख्यिकीतला नाही, पंधरा एकरांची बाग आहे. वरील उत्तरात हिशोब आहे, परंतु मळ्यावर माणूस केव्हा आणि कसा सापडतो हे त्यात नाही, म्हणून लिहितो.

दिवसा गेलात तर शेडमध्ये एखादी म्हातारी आणि झोळीतले मूल भेटेल. बाया-माणसे फेलफुटी (वेलीवरचे नको असलेले फुटवे) काढायला, विरळणीला किंवा खुड्याला ओळींत असतात आणि काम उक्ते घेतलेले असल्यामुळे त्यांचा अर्धा तास खाणे म्हणजे त्यांची मजुरी खाणे. संध्याकाळी साडेसहा ते नऊ, चूल पेटलेली असताना जावे. आठवडे बाजाराच्या संध्याकाळी मात्र जाऊ नये.

बागायतदार आपल्याला आत सोडील का, हाही प्रश्न आहे. सरकारी माणूस वही घेऊन मजुरांची मुले मोजायला आला म्हणजे बालमजुरीची तपासणी आली, असेच आम्हांला वाटते. मग मालक सांगतो की आमच्याकडे मुले नाहीत आणि मुकादमही मान डोलावतो, कारण त्याने उचल दिलेली असते आणि टोळी बिथरलेली त्याला परवडत नाही. आधी ग्रामपंचायतीत बैठक घेऊन आहारासाठी मोजणी आहे हे सांगितलेत तर निम्मी भीती जाईल.

गावांची यादी कोठून काढणार? निर्यातीच्या बागा अपेडाच्या (कृषिमालाची निर्यात पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या) ग्रेपनेट प्रणालीत नोंदलेल्या असतात, परंतु स्थानिक बाजारपेठेसाठी पिकवणारे आणि बेदाणा करणारे त्यात येत नाहीत, आणि लहान बागांवरची टोळी अनेकदा अधिक हालात असते. शेतकऱ्याने मोबाइलवरून आपल्या पिकाची नोंद करायची त्या ई-पीक पाहणीत सगळ्यांचे क्षेत्र यायला हवे, पण आमच्यातले बरेच जण ती नोंद वेळेवर करत नाहीत, हे मी स्वतःवरून सांगतो.

आणखी एक गोष्ट. गिरणाऱ्याला सकाळी मजुरांचा बाजार भरतो, तेथून पिकअपमध्ये बसून माणसे रोजच्या रोज बागांवर जातात आणि रात्री परत जातात. ही माणसे तुमच्या व्याख्येत बसत नाहीत, परंतु यांतल्याही आया मुलांना बरोबर आणतात. गिरणारे नाशिक तालुक्यात आहे आणि तुमच्या यादीत नाशिक तालुकाच नाही.

उत्तर : क्षेत्र पर्यवेक्षक

चौऱ्याहत्तर प्रश्नांचा हिशोब संध्याकाळच्या अडीच तासांत बसवून पाहा. पंचावन्न मिनिटांची मुलाखत असेल तर एका प्रगणकाच्या एका संध्याकाळी दोन कुटुंबे होतात. बारा प्रगणक धरले तरी ७३० कुटुंबांना एकतीस संध्याकाळी लागतील आणि आपण जनगणनेत जाऊन पडाल. वीस मिनिटांची प्रश्नावली ठेवली तर चार कुटुंबे होतात आणि काम पंधरा-सोळा संध्याकाळी उरकते. प्रत्येक शाखेला एकच विचारावे, की तुमच्या प्रश्नाचे उत्तर अहवालाच्या कोणत्या तक्त्यात, कोणत्या रकान्यात जाणार आहे. ज्याला रकाना नाही तो प्रश्न गळावा. यासाठी अहवालाचे कोरे तक्ते आत्ताच, जुलैमध्ये, आखून ठेवावे लागतात. आमच्याकडे ते नेहमी माहिती आल्यावर आखले जातात आणि मग हवा तोच प्रश्न विचारायचा राहिला असे लक्षात येते.

अंगणवाडी सेविकांबद्दल माझे मत स्पष्ट आहे. त्या वाट दाखवतील, ओळख करून देतील, पण ‘मुलाला अंगणवाडीचा आहार मिळतो का?’ हा प्रश्न त्यांनी विचारू नये. ज्या ताईंनी आहार द्यायचा त्यांनाच समोर बसून ‘मिळत नाही’ असे कोण सांगेल? सुरगाणा-पेठकडची, कोकणा बोली येणारी महाविद्यालयीन मुले-मुली घ्यावीत. आमच्या एका सर्वेक्षणात प्रगणक आमच्यासारखे बोलणारे होते. उत्तरे सगळी ‘हो’ आली, कारण प्रश्न न कळला तरी ‘हो’ म्हटले की साहेब लवकर उठतो.

मळा निवडण्याचे स्वातंत्र्य प्रगणकाला देऊ नये. पीक कापणी प्रयोगांत लहान वाफे घेतले की कडेची झाडे आत ओढली जातात आणि उत्पन्न फुगते, हे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी दाखवून दिले होते. आपल्याकडे कडेच्या झाडाच्या जागी डांबरी रस्त्यालगतचा मळा येईल.

गोदाकाठची

सर्वांचे मनापासून आभार. नाशिक तालुका यादीत घालण्याविषयी आजच टिपणी ठेवली आहे. मळेकरी दादांनी वेळेबद्दल लिहिले ते मला मार्चमध्येच सुचायला हवे होते. मी सकाळी अकराला गेले होते.

एक गाठ मात्र सुटत नाही. वरिष्ठ म्हणतात की, मुलांची नावे आणि आधार क्रमांक घेतले तर त्याच यादीवरून लगेच आहार सुरू करता येईल, मग नुसते प्रमाण काढून काय करायचे? त्यांचा हेतू चांगला आहे आणि मला त्यांना नाही म्हणणे जड जाते.

निवृत्त नमुनावाला

ताई, ही दोन कामे आहेत आणि ती एका कागदावर आणू नयेत. नावानिशी नोंद हे पोषण ट्रॅकरचे, म्हणजे अंगणवाडीच्या मोबाइलवरील नोंदप्रणालीचे, काम आहे. ती नोंद चालूच असते, मूल या गावातून त्या गावात गेले की तीही जायला हवी. आपल्या सर्वेक्षणाने सांगायचे ते एवढेच की त्या नोंदीतून किती मुले निसटतात आणि कोणत्या प्रकारच्या मळ्यांवर निसटतात. आधार क्रमांक मागितला की, गावाकडचे धान्य बंद होईल या भीतीने लोक मुले लपवतील, आणि मग जे मूल शोधायला आपण निघालो तेच मोजणीतून जाईल. सांख्यिकी संकलन अधिनियम, २००८ खाली काम अधिसूचित करून घेता आले तर घ्यावे, कारण त्याखाली गोळा केलेली माहिती सांख्यिकीय प्रयोजनाखेरीज वापरता येत नाही. वरिष्ठांना नाही म्हणण्याचा भारही मग आपल्यावर राहत नाही. समोर दिसलेल्या उपाशी मुलाचे काय, असे ते विचारतील. प्रगणकाने प्रश्नावली मिटवावी आणि आईची तयारी असेल तर जवळच्या अंगणवाडीच्या पत्त्याची चिठ्ठी तिच्या हातात द्यावी. ती चिठ्ठी नमुन्याचा भाग नाही.

पूर्ण गणनेचा हट्ट निम्मा मान्य करावा. ई-पीक पाहणीतील द्राक्षक्षेत्राच्या प्रमाणात ७३ गावे निवडावीत, म्हणजे ज्या गावात बागा जास्त त्याची निवडीची शक्यता जास्त, आणि निवडलेल्या गावात तलाठी व कोतवालांना बरोबर घेऊन शिवारातली एकूण एक शेड मोजावी, ई-पीक पाहणीत बाग नोंदलेली असो वा नसो. या यादीला फक्त तीन गोष्टी लागतात: चुली किती, त्यांपैकी मुले असलेल्या किती, आणि टोळी कोणत्या तालुक्यातून आली. ती दिवसाउजेडीही होते. पूर्ण प्रश्नावली त्या यादीतून निवडलेल्या दहाच कुटुंबांकडे न्यावी. त्यामुळे एकूण संख्येचा अंदाजही निघतो आणि ‘आपण मोजले’ हे समाधानही वरिष्ठांना मिळते. गिरणाऱ्याच्या बाजाराची मोजणी वेगळी ठेवावी, ठरावीक सकाळी, एकेका पिकअपमधली माणसे मोजून. तो आकडा मुक्कामी कुटुंबांत मिसळू नये.

बारा प्रगणकांचे सहा-सहाचे दोन चमू करून प्रत्येक चमूला सगळ्या भागांतून स्वतंत्र अर्धा नमुना द्यावा. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस ही युक्ती वापरत. दोन चमूंचे आकडे जवळ आले तर ठीक, आणि फार लांब गेले तर जानेवारी संपण्याआधी, माणसे अजून मळ्यावर असताना, आपल्याला ते कळेल. होळीला ती परत निघून गेली की विचारायला कोणी उरत नाही.