मदत हवी आहे: निकालाआधीच डाळमिलची जप्ती, आधी हरकत घ्यावी की तारण द्यावं?

नमस्कार मंडळी. लातूरच्या एका डाळमिलवर 38 लाखांचा वसुली दावा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या (CPC) ऑर्डर 38 नियम 5 खाली चालू खातं आणि गोदामातली 600 क्विंटल तूर जप्त झालीय. आदेशात 'तारण द्या किंवा कारण दाखवा' असं एक अक्षर नाही, म्हणजे नियम 5(4) प्रमाणे जप्ती व्हॉइडच (रद्दबातल). शपथपत्रात एवढंच, की प्रतिवादी माल विकतोय. डाळमिल दुसरं काय करणार? मालावर बँकेचं हायपोथिकेशन (माल मिलच्याच ताब्यात ठेवून घेतलेलं कर्जाचं तारण) आधीचं आहे, ते नियम 10 मुळे शाबूत. पण पावसाळी हवेत तुरीला भुंगा लागायला वेळ लागत नाही. नियम 9 खाली बँक गॅरंटी देऊन माल लगेच सोडवला, तर 5(4) ची हरकत सोडून दिली असं धरतात का? 'हक्क राखून' हे अर्जात नेमकं कुठं, कसं लिहिता? औरंगाबाद खंडपीठाचा निवाडा असेल तर कृपया टाका.