आयुक्तालय आलं की गुंड सुतासारखे सरळ?

मागच्या_बाकावरचा
परवा एका सदस्याने लिहिलं, "आपल्या शहराला पोलीस आयुक्तालय द्या, आठ दिवसांत गुंड सुतासारखे सरळ होतील. एसपींचे हात कलेक्टरने बांधून ठेवलेत." त्यावर साठ-सत्तर अंगठे. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

कुठले हात नि कुठली दोरी? बेकायदा जमाव पांगवायला फौजदाराला कलेक्टरची चिठ्ठी लागत नाही, नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४८ त्याला पुरतं. दखलपात्र गुन्ह्यात अटक करायलाही कलेक्टरला विचारावं लागत नाही. मग उरलं काय? तडीपारी, चॅप्टर (म्हणजे शांतता राखायची हमी लिहून घेणं), मनाई आदेश, शस्त्रपरवाने. जिल्ह्यात यासाठी कलेक्टर, प्रांत, तहसीलदार यांच्या दारात जावं लागतं. आयुक्तालय झालं की सगळं पोलिसांच्याच घरात.

त्या घरात काय चालतं ते सांगतो. माझा मेव्हणा आयुक्तालय असलेल्या एका शहरात राहतो. जिन्यातल्या चपलांच्या स्टँडवरून शेजाऱ्याने त्याच्या अंगावर हात टाकला. मेव्हणा तक्रार द्यायला गेला आणि जुन्या संहितेच्या १०७ चा चॅप्टर दोघांवर लागला. अहवाल पाठवणारे पोलीस, आणि विशेष कार्यकारी दंडाधिकारी म्हणून समोर बसलेले एसीपीही पोलीसच. संध्याकाळी साडेपाचची तारीख असायची, गेलं की कळायचं साहेब बंदोबस्तात आहेत. अशा सहा तारखा झाल्या. शेवटी शांतता राखण्याचा वर्षभराचा बॉण्ड लिहून दिला आणि सुटला. मार खाल्लेल्या माणसाने शांतता राखायची!

निदान तहसीलदाराला त्या ठाण्याच्या गुन्हे आढाव्यात उत्तर द्यायचं नसतं.

तांबडा_पांढरा
ती पोस्ट माझीच होती. नाव घेऊन लिहिलं असतं तरी चाललं असतं.

तुमच्या मेव्हण्याच्या चपलांवरून राज्याचं धोरण ठरवायचं का? आमच्या गल्लीतल्या एकाचा तडीपारीचा प्रस्ताव चौदा महिने प्रांतांच्या टेबलावर पडून होता. भूसंपादन, निवडणूक, गारपिटीचे पंचनामे, प्रांतांना वेळ कुठाय? तेवढ्यात गड्याने आणखी दोघांची डोकी फोडली. त्यातला एक माझा चुलतभाऊ. सात टाके. आयुक्तालयात हाच आदेश डीसीपी, म्हणजे पोलीस उपायुक्त काढतात.

पुण्याला, नागपूरला १९६५ पासून आयुक्त आहेत. तिथं लोकशाही मेली म्हणून कुणी सुतक पाळलेलं मी तरी ऐकलं नाही.

काळा_कोट
डीसीपी आदेश काढतात, खरंय. तो टिकतो का, तेही विचारा. तडीपारीच्या प्रस्तावात दोन गोपनीय साक्षीदार असतात, 'अ' आणि 'ब'. मी इतकी वर्षं वाचतोय, या 'अ'ला भरचौकातच अडवतात, चाकू दाखवूनच त्याच्या खिशातले पैसे काढतात आणि लोक दर वेळी सैरावैराच पळतात. दोन वेगळ्या अशिलांच्या प्रस्तावांत 'अ' शब्दशः तेच बोलला होता, काना-मात्रेच्या चुकांसकट. हे जिल्ह्यातही होतं. पण तिथे निदान तिऱ्हाईत माणूस कागद वाचतो.

तांबडा_पांढरा
वाचतो? चौदा महिने वाचत होता?

निवृत्त_बक्कल
सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो, दोन्हीकडे नोकरी केली. दोघंही अर्धं सांगताय. टोळी असली तर महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५५ खाली एसपी साहेब स्वतः तडीपार करतात. प्रांतांकडे जातं ते ५६ आणि ५७, एकेकट्या माणसाचं.

आता आयुक्तालयाचं. पिंपरी-चिंचवड २०१८ साली झालं, माणसं पुणे शहर आणि पुणे ग्रामीणकडूनच आली ना? मीरा-भाईंदरला २०२० साली तेच, ठाणे ग्रामीण आणि पालघरमधून. चादर तेवढीच, पलंग वाढले. नवीन आयुक्तालय म्हटलं की आधी साहेबांची केबिन, मग साहेबांची गाडी, मग साहेबांच्या बंगल्यावर माणसं. ठाण्यात रात्रपाळीला माणूस कमी होतो तो असा.

२००८ साली ओंबळे साहेब गिरगाव चौपाटीवर लाठी घेऊन पुढे गेले. त्यानंतर फोर्स वन हे कमांडो पथक आलं, चांगली शस्त्रं आली, नाही म्हणत नाही. पण मी शेवटचा रेनकोट माझ्या पैशाने घेतला. पंचनाम्याचे कागदही स्वतः आणायचो. अधिकार भरपूर आहेत हो, कागद द्या!

उन्हाळी_सुट्टी
काका, कागद तुम्ही आणत असाल, आमच्याकडे तर आम्हीच आणले. घरफोडी झाली, आईच्या बांगड्या गेल्या. ठाण्यात गेलो तर रायटर, म्हणजे लिखापढी करणारे हवालदार म्हणाले, "ताई, समोरून एक रिम घेऊन या, ए-फोर, पंच्याहत्तर जीएसएमचा." जीएसएमसुद्धा पाठ! एफआयआरची प्रत फुकट द्यावी असं कायद्यात लिहिलंय म्हणे.

गावठी_टॉमी
तुम्ही रिमवर सुटलात. माझ्याकडून टोनर घेतला.

निवृत्त_बक्कल
रिम काय पोलिसाने घरी नेऊन खाल्ला? गुणाकार करा. आरोपी आठ. दोषारोपपत्र अडीचशे पानांचं. प्रत्येक आरोपीला एक, कोर्टाला, सरकारी वकिलाला, ठाण्याला. अकरा प्रती. पावणेतीन हजार कागद, म्हणजे साडेपाच रिम, एका गुन्ह्याचे. खर्चाचं बिल लावलं की सहा महिन्यांनी शेरा येतो, 'तरतूद नाही'.

काळा_कोट
आता इलेक्ट्रॉनिक प्रत चालते.

निवृत्त_बक्कल
चालते. आणि कागदावरच हवी असा अर्ज पहिल्याच तारखेला कोण देतं वकीलसाहेब?

काळा_कोट
…मीच देतो. पेनड्राइव्ह उघडत नाही.

गावठी_टॉमी
म्हणजे टोनर तुमच्यामुळे गेला माझा!

तांबडा_पांढरा
धागा आयुक्तालयाचा आणि इथे स्टेशनरीचं दुकान मांडलंय. चालू द्या. सात टाके पडलेल्याला रिम दाखवतो.

मागच्या_बाकावरचा
चिडू नका. चुलतभावाचं वाचून वाईट वाटलं, खरंच. प्रांतांनी तडीपारीचा निकाल ठरावीक मुदतीत दिलाच पाहिजे, हे मान्य. तेवढ्यासाठी अख्खं आयुक्तालय कशाला? आणि चॅप्टर पोलिसांच्या हातात नको म्हणजे नको. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली प्रकाश सिंह खटल्यात तपास आणि बंदोबस्त वेगळा करा म्हणून सांगितलं. आपल्याकडे तपास अधिकारीच सकाळी मिरवणुकीत, दुपारी मंत्र्यांच्या ताफ्यात आणि रात्री उरला तर तपासाला. आयुक्त आले तरी तो माणूस तोच.

तांबडा_पांढरा
म्हणजे अर्धं मान्य. दोन दिवस गप्प बसून एवढं लिहिलंत, तेही माझंच अर्धं कबूल करायला. आभारी आहे. तपासाचं तुमचं बरोबर आहे, पण ते मी आज म्हणणार नाही. मेव्हण्यांना नमस्कार सांगा, आणि चपला घरात ठेवायला सांगा.

निवृत्त_बक्कल
ताई, बांगड्यांचं काय झालं?

उन्हाळी_सुट्टी
चोर सापडला, बांगड्या मुद्देमालात आहेत. सोडवून घ्यायला कोर्टात अर्ज करायचाय. झेरॉक्स तीन प्रती.