मांडवीच्या कमानी स्क्रोलसोबत उजळायच्या आहेत

बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या आमच्या गणेश मंडळाच्या वेबसाइटसाठी मांडवी या जुन्या कमानदार वास्तूचं चित्र एसव्हीजीत (रेषा-आकारांच्या चित्र-फाइलीत) काढलंय, प्रत्येक कमान वेगळा थर. पान खाली सरकवलं की एकेक कमान वर येऊन उजळावी. लॅपटॉपवर छान, बाबांच्या जुन्या मोबाइलवर फार अडखळतं. थर टॉप (वरून किती अंतरावर ते सांगणारी सीएसएस किंमत) बदलून हलवते. काय करू?

↳ ताई, अडखळतंय ते टॉपमुळेच. ते बदललं की ब्राउझर दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्राला, पानाची मांडणी नव्याने मोजतो, आणि सेकंदाला 60 फ्रेम हव्या तर एकीच्या वाट्याला जेमतेम 16.7 मिलिसेकंद येतात. फक्त ट्रान्सफॉर्म (मांडणी न बदलता सरकवणं) आणि ओपॅसिटी (किती ठळक दिसावं ते) बदला. उजळण्यासाठी ब्लर (धूसर करणारा) फिल्टर लावला असेल तर तोही काढा. पिवळा थर खाली ठेवून त्याची ओपॅसिटी वाढवा.

↳ जीसॅप या अ‍ॅनिमेशनच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीचं स्क्रोलट्रिगर हे प्लगइन घ्या, त्यात स्क्रब चालू ठेवा, म्हणजे हालचाल स्क्रोलला बांधली जाते: बोट थांबलं की कमानही थांबते. 2025 पासून जीसॅपचे सगळे प्लगइन फुकट आहेत.

↳ प्रिफर्स-रिड्यूस्ड-मोशन (वापरणाऱ्याने फोनमध्ये हालचाल कमी ठेवलीय का, हे ओळखणारी सीएसएस अट) विसरू नका. हलत्या पानाने काहींना खरंच गरगरतं. त्यांना सगळ्या कमानी आधीच उजळलेल्या दाखवा.

↳ हो, ब्लर लावलेला होता! काढला, ट्रान्सफॉर्म लावलं, बाबांच्या फोनवर सुरळीत चालतंय. स्क्रब आज रात्री बघते.