दुसरं इंद्रधनुष्य उलटंच हवं

इंग्रज चित्रकार जॉन एव्हरेट मिले याच्या 'द ब्लाइंड गर्ल' (१८५६) या चित्रात एका आंधळ्या मुलीच्या आणि तिच्यासोबतच्या धाकटीच्या मागे आकाशात दुहेरी इंद्रधनुष्य आहे. त्यातल्या बाहेरच्या इंद्रधनुष्याचे रंग आतल्याच्या उलटे का, असा प्रश्न पडतो. ती चूक नव्हे, दुरुस्ती आहे. त्याने आधी दोन्ही कमानी एकाच क्रमाने रंगवल्या होत्या. चूक दाखवून दिल्यावर बदल केला. बाहेरच्या कमानीत प्रकाश थेंबाच्या आत दोनदा परावर्तित होतो, म्हणून तांबडा आतल्या कडेला येतो, आणि कमान फिकीही दिसते.

शालीवरचं फुलपाखरू बघितलंत का? आंधळी थोरली मुलगी अगदी निश्चल बसलीय, म्हणूनच ते टेकलंय. धाकटी शालीआडून मान वळवून इंद्रधनुष्य बघतेय; थोरली बोटांनी गवताचं पातं चाचपतेय. एवढं असताना थोरलीच्या गळ्यातली 'आंधळ्यांवर दया करा' ही पाटी मला जरा जास्तच बोलकी वाटते.