बी विंगमागच्या छत्र्या

मीनाताई, बी-२०४: बी विंगमागच्या लॉनवर पांढऱ्या छत्र्यांचं गोल रिंगण उगवलं आहे. काही तर वाटीएवढ्या. हे टेकोडे, म्हणजे खायच्या रानछत्र्याच नं? सकाळी कोणीतरी दोन-चार उपटून नेले आहेत, म्हणून विचारते.

देशपांडे काका, सी-१०१: ज्यांनी नेले त्यांनी शिजवू नका, आधी इथे सांगा. मीना, एक मोठी छत्री उलटी करून खालच्या पापुद्र्यांचा फोटो टाक. हात लावल्याने काही होत नाही.

मीनाताई, बी-२०४: लहानीचे पांढरे आहेत. मोठीचे हिरवट-राखाडी. वर तपकिरी खवले, दांड्याला कडं.

देशपांडे काका, सी-१०१: मग प्रश्नच मिटला. क्लोरोफायलम मोलिब्डायटीस. विषारी. लॉनवर सगळ्यात जास्त फसवणारी जात हीच, कारण कोवळेपणी बाजारातल्या बटन मशरूमसारखी दिसते आणि पापुद्रे हिरवे व्हायला वेळ घेते. शंका असेल तर टोपी कापून पापुद्रे खाली करून पांढऱ्या कागदावर ठेवायची, वरून वाटी झाकायची. सकाळी कागदावर हिरवट भुकटी दिसेल. तेच हिचे बीजाणू.

सुनंदाकाकू, ए-१०३: चांदीचा चमचा घालून शिजवायचं. काळा पडला तर विषारी. लसणाचंही तसंच.

डॉ. कविता, डी-३०३: नाही काकू. चांदी गंधकाने काळी पडते, ती अंड्यानेही पडते. विषाचा संबंध नाही. गोगलगायीने खाल्लं म्हणजे आपल्याला चालतं, हेही खरं नाही. उकळून पाणी फेकण्याचाही भरवसा नको, अमानिटा या जीवघेण्या छत्र्यांच्या जातीतलं विष शिजवून जात नाही.

वेळ लक्षात ठेवा. लॉनवरच्या या छत्रीने साधारण एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. त्रास खूप होतो. पण सहा तास उलटल्यावर, रात्री खाल्लेलं सकाळी बाधलं, तर जास्त घाबरा. अमानिटात असं होतं. जुलाब थांबतात, दुसऱ्या दिवशी माणूस बरा वाटतो, आणि तेवढ्यात आतून यकृत खराब होत असतं. बरं वाटतंय म्हणून घरी बसू नका. १०८ लावा किंवा थेट सरकारी दवाखान्यात, आपल्या नागपुरात मेडिकलला नाहीतर मेयोला न्या. उरलेली भाजी आणि न शिजवलेली छत्री कागदात गुंडाळून सोबत न्या. घरच्या घरी मीठपाणी पाजून उलटी काढू नका.

नितीन, ए-४०२: मग दांड्याला कडं असलं की विषारी, असं धरायचं का?

देशपांडे काका, सी-१०१: तसं धरलंस तर बटन मशरूमही बाद होईल, त्यालाही कडं असतं. बुडाशी पिशवी अमानिटाला असते, तशीच खाण्याच्या तणसावरच्या अळिंबीलाही असते. त्या दोघींत बीजाणू पाहायचे: अमानिटाचे पांढरे, तणसावरचीचे गुलाबी. पण गुलाबी आले म्हणून पास, असंही नाही, तसे बीजाणू असलेल्या दुसऱ्या विषारी जाती आहेत. एका खुणेवर कधीच जायचं नाही.

सुधाकरभाऊ, बी-५०१: सात्यांचं तेवढं मी सांगतो. आपल्याकडे कोणी सात्या म्हणतात, कोणी टेकोडे. पावसाळ्यात वारुळावर नाहीतर वारुळाजवळच्या जमिनीवर येतात. टोपीच्या मधोमध कडक, टोकदार टेंभा असतो, त्यानेच माती फोडून वर येतात. खाली दांडा संपत नाही. मुळासारखा बारीक होत वीतभर, कधी हातभर खोल जातो, थेट उधईच्या, म्हणजे वाळवीच्या घरट्यापर्यंत. उधई तिथे बुरशीची बाग करते, तिचंच हे फळ. ओढून उपटलं की शेपूट तुटतं आणि मोठी खूण मातीतच राहते. म्हणून खुरप्याने बाजूची माती सारून काढायचं. शेपूट नाही, वारूळ नाही, तर सात्या म्हणायचं नाही बाप्पा.

आणि गोरेवाडा, पेंचच्या जंगलातून काहीही तोडून आणायचं नाही, ती राखीव आहेत. आठवडी बाजारात सात्या विकायला बसणाऱ्या बायांना ते झाड न् झाड माहीत असतं, त्यांच्याकडूनच घ्यायच्या. त्याच दिवशी करायच्या. टोपी उघडली की दुसऱ्या दिवशी अळ्या पडतात.

नितीन, ए-४०२: सात्या घरी लावता येतील का?

सुधाकरभाऊ, बी-५०१: उधई पाळशील तर येतील 😄

वैशाली, सी-५०२: घरी धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मशरूम लाव नितीन. पुढचे महिने त्याचेच. २० ते ३० अंशात छान येते, म्हणजे ऑक्टोबर ते फेब्रुवारी आपल्याकडे बिनघोर. डिसेंबरच्या थंडीत हळू चालते एवढंच.

२ किलो कोरडी तणस घे, गव्हाचं कुटारही चालतं. यंदाचं, पावसात न भिजलेलं. दोन-तीन बोटांचे तुकडे करून रात्रभर पाण्यात ठेव. सकाळी मोठ्या गंजात ८०-८५ अंशाच्या पाण्यात तासभर बुडवून ठेव, वर वजन ठेव नाहीतर तणस तरंगते. खळखळ उकळायचं नाही, सत्त्व पाण्यात जातं. फॉर्मलीनची पद्धतही आहे, पण फ्लॅटमध्ये तो वास आणि तो धूर नको. मग उतरत्या जागी निथळू दे. खरी परीक्षा इथे आहे: मूठ घट्ट दाबली तर तळहात ओला व्हावा, बोटांतून थेंब गळू नये. थेंब गळत असेल तर अजून तासभर पसरून ठेव.

पूर्ण गार झाल्यावरच बियाणं, म्हणजे धिंगरीची बुरशी चढवलेले धान्याचे दाणे. कोमट तणसेत बियाणं मरतं, आणि बहुतेक पिशव्या इथेच वाया जातात. दोन किलोला सुमारे २०० ग्रॅम बियाणं पुरे. दाणे पांढऱ्या बुरशीने एकजीव झालेले हवेत, हिरवा ठिपका किंवा आंबूस वास असेल तर परत दे. हात साबणाने धुऊन सॅनिटायझर लाव. १४ बाय २२ इंची प्लास्टिक पिशव्या दोन घे, प्रत्येकीत चार बोटं तणस, कडेकडेने बियाणं, पुन्हा तणस. दाबून भर, तोंड बांध, सुईने वीस-पंचवीस भोकं पाड.

१५ ते २० दिवस अंधारात, हात न लावता. पिशवी पांढरी शुभ्र झाली की प्लास्टिक कापून काढ, उजेड दे, दिवसातून दोन-तीनदा बारीक फवारा मार. कळ्यांवर थेट पाणी नको, भिंती-फरशी ओली ठेव. तीन-चार दिवसांत कळ्या येतात.

नितीन, ए-४०२: दोन किलोला किती निघेल? आणि बियाणं कुठे?

वैशाली, सी-५०२: तिन्ही बहर मिळून सव्वा ते दीड किलो. पहिला बहर सगळ्यात भारी, तिसऱ्यात जीव नसतो. बियाण्यासाठी कृषी महाविद्यालयात चौकशी कर. आणलं की फ्रिजमध्ये ठेव, महिन्याच्या आत वापर.

मीनाताई, बी-२०४: माझ्या पिशवीत मागे लांबच लांब दांडे आणि वर टिकलीएवढी टोपी आली होती.

वैशाली, सी-५०२: ताई, हवा कमी पडली. बंद बाथरूममध्ये हेच होतं. खिडकी उघडा. याउलट टोपीच्या कडा पिवळ्या, चिरलेल्या दिसल्या तर ओलावा कमी. हिरवी बुरशी दिसली तर ती पिशवी उघडू नका, बांधून बाहेर टाका, बाकीच्यांना लागते. काळं पाणी होऊन वितळणाऱ्या छत्र्या आल्या तर तणस नीट तापली नव्हती किंवा फार ओली राहिली.

डॉ. कविता, डी-३०३: एक भर. टोपीच्या कडा वर वळायच्या आत काढा. उशीर केला की बीजाणू उडतात. बंद खोलीत ते रोज श्वासात गेले तर खोकला, ताप येतो. दम्याच्या पेशंटच्या खोलीत पिशवी नकोच.

सुनंदाकाकू, ए-१०३: उन्हाळ्यात कूलरसमोर टांगली तर?

देशपांडे काका, सी-१०१: कूलरच्या थेट झोतात कळ्या वाळतील काकू. आपल्या मे महिन्याला धिंगरी नाही, दुधी अळिंबी लावायची. तिला ३० ते ३५ अंश मानवतात. कूलरच्या खोलीत, पण झोताच्या बाजूला ठेवायची. तिला एक काम जास्त: पिशवी पांढरी झाली की वरून वाफवलेल्या माती-शेणखताचा इंचभर थर द्यायचा, त्यात थोडी खडूची पूड. थर दिल्याशिवाय ती छत्री धरत नाही.

सुधाकरभाऊ, बी-५०१: लॉनवरच्या छत्र्यांचं काय करायचं? फवारणी मागवू?

देशपांडे काका, सी-१०१: फवारणीने पैसे जातील, बुरशी जात नाही. ती जमिनीखाली कुजक्या मुळांवर आणि काडीकचऱ्यावर आहे. पाऊस आहे तोवर माळ्याने रोज सकाळी, पोरं खेळायला उतरायच्या आत, उपटून बंद पिशवीत टाकायच्या. कंपोस्टच्या खड्ड्यात नको. कुत्र्यांनाही बाधतात, शेरूला दोरी लावूनच फिरवा.

राजू, ए-२०२: काका, सकाळी आम्हीच नेल्या होत्या. अजून कापल्या नाहीत. फेकून राहिलो.